पाळण्याआधीचा हप्ता

गर्भवती स्त्रीचे हिमोग्लोबिन महिनाभर लोहाच्या गोळ्या देऊनही वाढत नसेल, तर आम्ही डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतो. गोळी रोज घेतली का, चहाबरोबर घेतली का, जंतांची गोळी झाली का, घरात कुणाला थॅलेसेमिया आहे का. गेल्या काही वर्षांत मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे. घरात हप्ता चालू आहे का?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. गर्भवतींचे रक्त, थायरॉइड, साखर किंवा रक्तदाब बिघडला की त्यांना माझ्याकडे पाठवले जाते. मीरा-भाईंदर, काशिमीरा, उत्तन, घोडबंदर या पट्ट्यातून आलेल्या या बायकांपैकी हप्त्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या थोड्याथोडक्या नसतात. हप्ता फ्रिजचा किंवा मोबाइलचा असेल असे मला सुरुवातीला वाटायचे. पुढे लक्षात आले की काही घरांत तो हप्ता पोटातल्या बाळाचाच असतो. मूल राहावे म्हणून घेतलेल्या उपचारांचे कर्ज असते, आणि मूल राहिल्यावर ते फेडण्यासाठी आई दूध, अंडी, फळे आणि विश्रांती यांत काटकसर करत असते.

सध्या लोकसंख्येची चर्चा उलट्या अंगाने सुरू आहे. ‘हम दो हमारे दो’ ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला गंमत वाटावी अशी ही गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना अधिक मुलांचे आवाहन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपुरात सरसंघचालकांनीही घटत्या दराबद्दल चिंता बोलून दाखवली. त्यातल्या राजकारणावर मला काही म्हणायचे नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ च्या अहवालात भारतासह चौदा देशांतल्या लोकांना विचारले होते की, हवी तेवढी मुले का होत नाहीत किंवा होणार नाहीत असे वाटते. भारतात ३८ टक्के लोकांनी पैशाची अडचण सांगितली. हे सर्वेक्षण ऑनलाइन होते, त्यामुळे अगदी तळातल्या घरांपर्यंत ते पोचले असेल असे मी मानत नाही. तिथे हा आकडा खाली येण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

आमचे शहर या प्रश्नाचा चांगला नमुना आहे. २००१ च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आत माणसे होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. ही वाढ मुख्यतः तरुण जोडप्यांची. मुंबईत घर परवडत नाही म्हणून दहिसरचा नाका ओलांडून आलेली माणसे. कोणी भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत पॉलिशवर, कोणी सोसायटीत वॉचमन, कोणी घरपोच सामान पोचवणारा. बायका घरकाम करतात, दुकानात उभ्या राहतात, नाहीतर घरी बसून नगावर मिळणारे काम करतात. गावाकडे लग्नाचे कर्ज असते, इथे खोलीचे डिपॉझिट उसने घेतलेले असते. संसाराची सुरुवातच देण्याने होते. ती देणी लोक फेडतातही. भिशी लागते, दिवाळीचा बोनस येतो, गावचा भाऊ थोडे थांबतो.

मुलासाठी काढलेले कर्ज मात्र वेगळ्या जातीचे आहे. रिक्षासाठी कर्ज काढले तर रिक्षा दुसऱ्या दिवसापासून कमावते. शिलाई मशीनचेही तसेच. मुलासाठी कर्ज काढले की उपचार फसले तर हातात काहीच नसते, आणि यशस्वी झाले तर आईची कमाई थांबते. कर्ज मंजूर होते ते ज्या उत्पन्नावर, नेमके तेच उत्पन्न मूल आल्यावर अर्ध्यावर येते. कर्ज देणाऱ्याच्या कागदावर याला रकाना नाही.

आकडे मांडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण अशी घरे शोधायला लांब जावे लागत नाही. नवऱ्याचे १६,५०० आणि बायकोचे ८,५०० मिळून महिन्याला २५,००० रुपये. चाळीतल्या खोलीचे भाडे ६,०००. दोन लाखांचे कर्ज, दोन वर्षांची मुदत, व्याज ‘फक्त बारा टक्के’. हे व्याज सपाट पद्धतीचे असेल, म्हणजे मूळ रकमेवर पूर्ण दोन वर्षे लावलेले असेल, तर ४८,००० रुपये व्याज होते आणि हप्ता बसतो १०,३३३ रुपये. भाडे आणि हप्ता वजा जाता ८,६६७ रुपये उरतात. त्यात किराणा, गॅस, वीज, लोकलचा पास आणि गावी पाठवायचे पैसे. कसेबसे भागते. सातव्या महिन्यात तिने काम सोडले की १६,५०० मधून तीच वजाबाकी करा. उरतात १६७ रुपये. महिन्याला.

या हिशेबातल्या व्याजाबद्दल दोन शब्द. ‘सपाट बारा टक्के’ हे ऐकायला बारा असले, तरी मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण रकमेवर लागत राहते. घटत्या शिलकीवर मोजले तर ते एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जाते. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा धरला की आणखी वर. बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर एका पानावर लिहून द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या कागदाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. सही करण्याआधी तो मागून घ्यावा, आणि तोंडी सांगितलेला दर विसरून जावा. काही ठिकाणी ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी असते. तिथे रोख पैसे दिल्यास पॅकेज किती कमी होईल, एवढे विचारावे. मिळणारी सूट म्हणजेच ते न दिसणारे व्याज.

तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तारणाशिवाय मिळणाऱ्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून मर्यादा घातली आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण वरच्या घराचे उत्पन्न बरोबर तीन लाख आणि हप्ता साडेबारा हजारांच्या आत, म्हणजे कर्ज नियमात चपखल बसते. नियमाने उत्पन्न पाहिले, आज नोकरी करणाऱ्या बाईचे पाहिले. ती कर्ज कशासाठी काढते आहे ते पाहिले नाही. खासगी सावकाराचे तर बोलायलाच नको. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला अठरा टक्क्यांची मर्यादा ठरवली आहे, हे अनेक कर्जदारांना ठाऊकच नसते.

आता प्रश्न असा की, मुलासाठी इतके कर्ज लागतेच कशाला? सरकारच्या योजना आहेत ना? आहेत, आणि त्या कमी नाहीत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत आहे. सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातले जेवण आणि ने-आण यांचाही त्यात समावेश आहे. आजारी अर्भकाचे उपचार वर्षभरापर्यंत त्यात येतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार रुपये मिळतात. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआयचे पैसे कापले जातात, त्या बाईला अटी पूर्ण असल्यास सव्वीस आठवड्यांचा पगार मिळू शकतो. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात आहे का, हे गर्भवतीला विचारले की निम्म्या जणी म्हणतात, चिठ्ठी असते कुठे? घरकाम करणारीला आणि नगावर काम करणारीला हा लाभ नाहीच.

या सगळ्या योजनांचे दार गर्भ राहिल्यावर उघडते. ज्या जोडप्याला गर्भच राहत नाही त्याच्यासाठी बाहेर कोणी उभे नाही. आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण वंध्यत्वाचे उपचार त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो, आणि हे प्रमाण श्रीमंत व गरीब देशांत फारसे वेगळे नाही. म्हणजे आजार सगळ्यांना सारखा आणि उपचार पैसेवाल्यांना. इथे कुणी म्हणेल की मूल नसणे हा आजार नाही, हौस आहे. भाईंदरच्या चाळीत लग्नाला चार वर्षे झालेल्या, मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाच्या दिवशी कुठे बसवतात ते त्याने एकदा पाहावे. तिला दुसऱ्या लग्नाची धमकी मिळते, ती माहेरी पाठवली जाते, ती झोपेच्या गोळ्या खाते. या केसेस माझ्याच वॉर्डात येतात.

याला एक इतिहास आहे आणि तो मुंबईचा आहे. भारतातली शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी ते काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेसोबत केले. म्हणजे महापालिकेचे रुग्णालय आणि सरकारी संशोधन संस्था. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच साधले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही, ती कहाणी वेगळी. मुद्दा असा की हे तंत्र आपल्याकडे सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक इमारतीत आले आणि नंतर जवळजवळ सगळेच खासगी दवाखान्यांत गेले. आज स्टेशनबाहेरच्या फलकांवर बाळाचा हसरा चेहरा आणि त्याखाली ‘सुलभ हप्ते’ दिसतात, ते त्या प्रवासाचे दुसरे टोक.

त्याच परळच्या संस्थेने अलीकडे खर्चाचा अभ्यास केला. खासगी रुग्णालयात आयव्हीएफच्या एका चक्राला जोडप्याच्या खिशातून दोन लाखांहून अधिक जातात आणि सरकारी ठिकाणीही लाखाच्या वर जातात, असे त्यात आढळले. सरकारी ठिकाणी मुख्यतः औषधे बाहेरून आणावी लागतात म्हणून. आयव्हीएफचा आयुष्मान योजनेत समावेश करावा अशी शिफारसही झाली आहे. शिफारशीचा निर्णय व्हायला आपल्याकडे किती काळ लागतो ते सांगायला डॉक्टर नको.

एक चक्र म्हणजे एक प्रयत्न, हे जोडप्याला नीट सांगितलेले नसते. स्त्री पस्तिशीच्या आत असेल तर एका प्रयत्नात मूल घरी येण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. चाळिशीनंतर स्वतःचे बीज वापरून ती दहात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. म्हणजे कर्ज काढणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांच्या हाती पहिल्या कर्जातून काही लागत नाही. त्यानंतर दुसरे कर्ज काढतात, कारण ‘आता एवढे घातले, तर अजून एकदा’. मंगळसूत्र इथे जाते. गावची गुंठाभर जमीनही इथेच जाते.

म्हणूनच कर्जाच्या अर्जाआधी काय तपासले गेले, हा माझ्या दृष्टीने पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करावी, स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. त्यातली पहिली तपासणी नवऱ्याची. वीर्यतपासणी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता द्यायची असते, सुई टोचावी लागत नाही आणि काही शे रुपयांत होते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे पूर्ण किंवा थोडा दोष निघतो. तरीही माझ्यासमोर येणाऱ्या कागदांच्या जाड पिशव्यांत बाईच्या आठ सोनोग्राफी असतात, गर्भपिशवीची दुर्बीण असते, गंडे-दोऱ्यांचा खर्च असतो, आणि नवऱ्याचा एकही रिपोर्ट नसतो. विचारले तर सासू सांगते, त्याला काही नाही हो, तो धडधाकट आहे. धडधाकटपणाचा आणि शुक्रजंतूंच्या संख्येचा काही संबंध नाही. भट्टीजवळ उभे राहून बारा तास काम, गुटखा, सिगारेट, लहानपणी गालगुंड होऊन वृषणाला आलेली सूज, वृषणाच्या शिरा फुगणे, व्यायामशाळेत कुणीतरी दिलेली हार्मोनची इंजेक्शने, यांतले काहीही असू शकते. शेवटचे कारण हल्ली वाढते आहे आणि ते थांबवले तर बऱ्याचदा सुधारते.

स्त्रीच्या बाजूने मी स्वतः ज्याकडे लक्ष देतो तो क्षयरोग. फुप्फुसाचा नव्हे, गर्भनलिकांचा. आपल्या देशात वंध्यत्वाच्या कारणांत त्याला वरचे स्थान आहे, आणि त्यात खोकला, ताप, वजन घटणे असे काहीच नसू शकते. पाळी कमी होते, ओटीपोटात बारीक दुखते, किंवा तेही नाही. घरात कधी कुणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. दाट वस्तीतल्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील तर उत्तर अनेकदा ‘हो’ येते. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत, साधारण सहा महिन्यांचा उपचार. नलिका आधीच चिकटल्या असतील तर औषधाने त्या उघडतीलच असे नाही, पण आजार शरीरात तसाच ठेवून दोन लाखांचे आयव्हीएफ करणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर या तपासण्याही साध्या आहेत. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींना वजन थोडे कमी करून आणि बीजनिर्मितीच्या स्वस्त गोळ्यांवरच दिवस राहतात. सगळ्यांचे असे सुटत नाही. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्रजंतू अगदी नगण्य असतील तर आयव्हीएफ किंवा त्याच प्रकारचा उपचार हाच मार्ग उरतो, आणि तिथे वर्षानुवर्षे गोळ्यांवर काढून वय वाढवणे हीसुद्धा फसवणूकच.

ज्यांना खासगी केंद्रात जावेच लागणार आहे त्यांनी कायद्याचा आधार घ्यावा. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्यांचा धोका जोडप्याला समजावून सांगणे ही केंद्राची कायदेशीर जबाबदारी आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. ‘आमचा सक्सेस रेट सत्तर टक्के’ असे ऐकले तर विचारावे, सत्तर टक्के म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या की बाळ घेऊन घरी गेलेल्या? आणि कोणत्या वयाच्या? पॅकेजमध्ये इंजेक्शने आहेत का, भ्रूण गोठवण्याचे भाडे वेगळे का, चक्र मधेच थांबवावे लागले तर किती पैसे परत, हे लिहून घ्यावे. ऐनवेळी सुचवल्या जाणाऱ्या जादा गोष्टी, म्हणजे अस्तर खरवडणे, प्रतिकारशक्तीची इंजेक्शने, रक्तातल्या घटकांची फवारणी, यांतल्या अनेकांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. ब्रिटनमध्ये तिथली नियामक संस्था अशा जादा उपचारांना पुराव्यानुसार रंग देऊन यादी जाहीर करते. आपल्याकडे ती सोय अद्याप नाही, त्यामुळे प्रश्न विचारण्याचे काम रुग्णावरच पडते.

जुळ्यांबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण कर्ज आणि जुळी यांचे नाते आहे. पैसे एकाच प्रयत्नाचे असले की जोडपे म्हणते, डॉक्टर, दोन भ्रूण सोडा, तीन सोडा, एक तरी रुजेल. डॉक्टरलाही निकाल दाखवायचा असतो. मग जुळी राहतात, कधी तिळी. घरात पेढे वाटले जातात. जुळ्यांत मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन, आईचा रक्तदाब आणि रक्तस्राव यांचे प्रमाण बरेच जास्त असते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली दोन बाळे खासगी अतिदक्षता विभागात ठेवली, की उपचारांचे कर्ज बाजूला राहते आणि रोजच्या बिलाचे नवे कर्ज सुरू होते. म्हणून पहिल्या वेळी शक्यतो एकच भ्रूण, हा सल्ला वैद्यकीय आहे तसाच आर्थिकही. आणि बाळ अतिदक्षतेत ठेवायची वेळ आलीच, तर आधी सरकारी नवजात शिशू कक्षाची चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आठव्या महिन्यातच पिशवीत ठेवावे. बिल वाढल्यावर तहसील कार्यालयात रांग लावण्यात काय हशील?

आता शरीरावरच्या परिणामांकडे येतो, कारण मूळ प्रश्न माझ्याकडे हिमोग्लोबिनच्या रूपाने आला होता. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया गरोदरपणाआधीच रक्तक्षयी असतात. हप्ता चालू असलेल्या घरात सगळ्यात आधी कापले जाते ते आईच्या ताटातले. भाडे थकवता येत नाही, वसुलीचा माणूस दारात येतो, पण डाळ पातळ केली तर कुणी विचारायला येत नाही. ती नवव्या महिन्यापर्यंत भांडी घासत राहते आणि बाळंतपणानंतर चाळीस दिवसांत कामावर जाते. अंगावरचे दूध सुटते, पावडरच्या दुधाचा डबा येतो, तो पुरवायला पाणी जास्त घातले जाते. बाळ जुलाबांनी आमच्याकडे दाखल होते. मातृवंदना योजनेच्या पाच हजारांकडे मी याच नजरेने पाहतो. वरच्या उदाहरणातल्या घरात ते पैसे एक हप्ताही भागवत नाहीत. सरकारने आईच्या पोषणासाठी दिलेली रक्कम अशा घरात कर्ज देणाऱ्याच्या खात्यात जमा होते.

मग करायचे काय? काही देशांनी हा खर्च सरकारी केला आहे. इस्रायलमध्ये स्त्रीच्या ४५ वर्षांपर्यंत दोन मुलांसाठी आयव्हीएफचा खर्च सरकारी विम्यातून होतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना चाळिशीच्या आतल्या स्त्रीला तीन पूर्ण चक्रे द्या म्हणतात, प्रत्यक्षात अनेक भागांत एकच मिळते. आपल्याला तितके लगेच जमणार नाही, आणि क्षयरोग, कुपोषण, माता मृत्यू बाजूला ठेवून सगळा पैसा आयव्हीएफवर घाला असे मीही म्हणणार नाही. पण जवळच गोव्याकडे पाहता येईल. तिथे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली. मुंबईत कामा रुग्णालयात २०२४ मध्ये शासकीय केंद्र सुरू झाले. ही चांगली सुरुवात आहे. फक्त भाईंदरच्या बाईच्या नजरेतून तिथवरचा रस्ता पाहायला हवा.

आयव्हीएफच्या एका चक्रात दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन असते, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मधे रक्ततपासण्या. भाईंदरहून चर्चगेट लोकल, तिथून चालत कामा रुग्णालय, रांग, परत. प्रत्येक फेरीला तिची एक दिवसाची मजुरी जाते आणि सोबत आलेल्या नवऱ्याचीही. चार खाडे झाले की घरकामावरून काढून टाकतात. उपचार मोफत असले तरी जोडपे मधेच सोडून देते, किंवा स्टेशनबाहेरच्या फलकाकडे जाते. यावर उपाय फार महाग नाही. बीज काढणे आणि भ्रूण सोडणे या दोन गोष्टी मोठ्या केंद्रातच व्हाव्यात. पण वीर्यतपासणी, थायरॉइड, टीबीचा शोध, नलिकांचा एक्स-रे, रोजचे इंजेक्शन आणि मधल्या सोनोग्राफ्या प्रत्येक मोठ्या शहराच्या सरकारी रुग्णालयात व्हायला हरकत नाही. त्यातली बरीच यंत्रे आणि माणसे आमच्याकडे आधीच आहेत. नाही ते आठवड्यातून एक ठरलेली ओपीडी, जिथे पाटीवर ‘वंध्यत्व’ असे लिहिलेले असेल आणि नवरा-बायको दोघांचे केसपेपर एकत्र निघतील.

कर्जाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेला एक छोटी दुरुस्ती करता येईल. उपचारांसाठी घेतलेल्या छोट्या कर्जात, बाई गर्भवती असल्याचा सरकारी रुग्णालयाचा दाखला दिल्यास शेवटचे दोन महिने आणि बाळंतपणानंतरचे चार महिने हप्ता थांबवण्याचा हक्क, जादा दंड न लावता. कोविडच्या काळात सगळ्या देशाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली होतीच, तेव्हा यंत्रणेला हे जमत नाही असे नाही. तोवर आमच्या जोडप्यांनी निदान एवढे करावे : कर्जाचा अर्ज भरायच्या आधी एक दिवस दोघांनी मिळून सुट्टी घ्यावी, जुने सगळे कागद घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात यावे, आणि नवऱ्याने दोन दिवस आधीपासूनचे पथ्य पाळून यावे, म्हणजे त्याची तपासणी त्याच दिवशी होईल आणि दुसरा खाडा पडणार नाही.